एल-वनमध्ये अजून किती दिवस?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा बार्शीचा, सध्या वाकडला तीन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. बीई मेकॅनिकल केलं पण कॅम्पसमधून आयटीत लागलो, हिंजवडी फेज टूला, एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत. आता एक वर्ष दहा महिने झाले. काम म्हणजे प्रॉडक्शन सपोर्ट एल-वन, म्हणजे सपोर्टची पहिली पायरी, स्क्रीनवर अलर्ट आला की टिकीट बनवायचं, रनबुकमध्ये लिहिलंय तसं करायचं, नाहीच झालं तर वरच्या टीमला, एल-टूला, असाइन करायचं, संपलं. रोटेशनल शिफ्ट आहे, महिन्यातले दोन आठवडे नाईट. पॅकेज 3.4 लाख, हातात साडेतेवीस हजार येतात. आता मला 5.2 लाखांची ऑफर आलीये, खराडीत एका क्लायंटकडे, पण पेरोल थर्ड पार्टीचं, म्हणजे पगार मधली एजन्सी देणार, कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं आणि काम पुन्हा एल-वनच. त्यांना 30 दिवसांत जॉइनिंग पाहिजे. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, शिवाय दोन वर्षांचा बॉन्ड आहे, त्याआधी सोडलं तर एक लाख भरायचे. मॅनेजर म्हणतो पुढच्या क्वार्टरला तुला एल-टूला घेतो, पण हे तो मागच्या दिवाळीपासून म्हणतोय. घरी वडील म्हणतात एवढी मोठी कंपनी आहे, सोडू नको. मित्र म्हणतात वेडा आहेस का, 50 टक्क्यांच्या वर हाइक कोण देतं. काय करू? — एक वाचक, वाकड

उत्तर : अरे, तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकात अडकलेत. ही कंपनी सोडायची का हा एक, आणि ही ऑफर घ्यायची का हा दुसरा. माझं मत विचारशील तर कंपनी सोडायची, पण या ऑफरसाठी नाही आणि आत्ता लगेच नाही. का ते सांगते.

आधी पैशाचं बघू, कारण मित्रांचं सगळं त्या 50 टक्क्यांवर चाललंय. 5.2 लाख म्हणजे महिन्याला त्रेचाळीस हजार तीनशे, त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी दाखवली असेल तर ती आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात साधारण अडतीस-साडेअडतीस. म्हणजे आत्तापेक्षा पंधरा हजार जास्त, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. ऐकायला मस्तच. आता तुझा बॉन्ड काढ. तू आज राजीनामा टाकलास आणि पूर्ण 90 दिवस भरलेस तर शेवटच्या दिवशी तुझी दोन वर्षं होऊन वर महिना गेलेला असेल, बॉन्डचा विषयच संपला. (बॉन्डमध्ये दोन वर्षं राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजलीत की लास्ट वर्किंग डेपर्यंत ते मात्र वाच, बहुतेक ठिकाणी लास्ट वर्किंग डेच असतो.) पण या लोकांना तू 30 दिवसांत पाहिजेस, म्हणजे तू एक वर्ष अकरा महिन्यांवर बाहेर पडणार आणि फक्त एका महिन्यासाठी बॉन्ड मोडणार! एक लाख ते, आणि वर साठ दिवसांचा नोटीस बायआउट, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीला द्यायचे, तो बेसिकवर लावतात की ग्रॉसवर हे तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं असतं, ग्रॉसवर असेल तर पन्नास-पंचावन्न हजार धर. झाले दीड लाख. पहिल्या वर्षाची सगळी हाइक जवळपास इथेच गेली, आणि पुढचं वर्ष मिळेल का हे कॉन्ट्रॅक्टवाल्यालाही माहीत नसतं. नवीन कंपनी बायआउट भरून देते का विचार, थर्ड पार्टीवाले फोनवर हो म्हणतात आणि ऑफर लेटरमध्ये त्याचा उल्लेख नसतो, त्यामुळे मेलवर येईपर्यंत ते नाहीच असं समज.

बॉन्डबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणतो बॉन्ड म्हणजे नुसता कागद, काही होत नाही, दुसरा म्हणतो पोलीस केस होते. दोन्ही चूक. कोणी तुला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही आणि हा पोलिसांचा विषयही नाही, दिवाणी मामला आहे. पण 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख भरायचे ही अट वैध धरली, त्यामुळे कोर्टात बॉन्ड टिकतच नाही असं आता कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नकोस. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, तुझ्या खाजगी कंपनीची केस कोर्टात तशीच जाईल असं नाही. तरी प्रत्यक्षात अडतं कुठे, तर कंपनी कोर्टात न जाता रिलीव्हिंग लेटर अडवते आणि पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तू लटकतोस. दोन महिने आधी निघता यावं म्हणून अशा वादात पडायचं काही कारण दिसत नाही मला.

आता वडिलांचं. मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी हे त्यांच्या काळाप्रमाणे बरोबर होतं. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या लोकांपैकी 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली, तेव्हा पुण्यात कित्येक घरांत हा समज मोडला. पण म्हणून वडिलांशी वाद घालत बसू नकोस, त्यांना भीती आहे ती पोरगा हातची नोकरी सोडून घरी बसेल याची. दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकणार नाही एवढं एक त्यांना सांग, आणि ते पाळही. "आधी सोडतो, मग निवांत अभ्यास करून शोधतो" हे पुण्यात पीजीचं भाडं भरून जमत नाही, तिसऱ्या महिन्यात माणूस मिळेल ते घेतो.

मॅनेजरबद्दल मात्र मी जरा स्पष्ट बोलते. तो खोटारडा असेलच असं नाही. पण त्याची गरज काय आहे ते समजून घे. क्लायंटने समजा एल-वनच्या वीस सीट घेतल्यात, त्या वीस सीटचं बिलिंग होतं, चोवीस तासांचं रोस्टर भरावं लागतं आणि नाईटला न कुरकुरता येणारा, दोन वर्षं सिस्टीम माहीत असलेला पोरगा म्हणजे त्याच्यासाठी सोनं. तुला वर पाठवला की त्याला नवा माणूस आणायचा, शिकवायचा, तोवर एसएलए, म्हणजे क्लायंटला कबूल केलेल्या वेळा, सांभाळायच्या. कोण करेल स्वतःहून? म्हणून त्याला विचारत बसण्यापेक्षा एल-टूच्या लीडशी बोल. त्याला सांग की माझी शिफ्ट संपल्यावर आठवड्यातून दोन दिवस मी तुमच्या लोकांबरोबर बसतो, शॅडो करतो. आणि कंपनीच्या पोर्टलवर इंटर्नल जॉब पोस्टिंग असतंच, ते बघतोस का कधी? खूप जण बघत नाहीत. मॅनेजरशी एकदाच बोल, नीट वेळ मागून, आणि नंतर त्याला साधा मेल टाक की आपलं असं असं बोलणं झालं, या क्वार्टरच्या शेवटी एल-टूबद्दल बघू असं आपण म्हणालात. भांडणाचा सूर नको. मेलला उत्तर आलं तर चांगलं, नाही आलं तरी तुला तुझं उत्तर मिळालंच.

आणि एक काम आजच कर. तुझ्या टीममध्ये चार-पाच वर्षं झालेले लोक बघ. ते काय करतायत? तेही अजून अलर्ट बघून टिकीट बनवत असतील तर तिथे थांबून तुझं काय होणार हे दिसतंच आहे समोर. त्यातले दोन-तीन जण एल-टू, डेटाबेस किंवा डेव्हऑप्सकडे गेले असतील तर त्यांना चहाला घेऊन जा आणि विचार कसं जमवलं. माझ्यापेक्षा चांगलं उत्तर तेच देतील.

आता ती खराडीची ऑफर मी का नको म्हणते याचं खरं कारण. काम तेच. पुढच्या वर्षी तुझ्या रेझ्युमेवर तीन वर्षं एल-वन असं दिसेल, आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या डोक्यात पक्कं होतं की हा मुलगा अलर्टवाला आहे. पहिली दोन वर्षं कोणी काही म्हणत नाही, फ्रेशर होता, दिलं ते केलं. तीनच्या पुढे मात्र लोक विचारतात की बाकी काही का नाही केलंस, आणि त्याचं उत्तर द्यायला खूप अवघड जातं. त्यात हे एल-वनचं काम आधीच स्क्रिप्टवर चाललंय, सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट होते, टिकीट आपोआप बनतं आणि बंदही होतं. सीट कमी करायच्या म्हटलं की आधी कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नमस्कार. शिवाय वाकडहून खराडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. पिंपरीहून मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टला बदललीस तरी रामवाडीला उतरून पुढे रिक्षाच, आणि नाईट शिफ्टला मेट्रोचा काही उपयोग नाही. कॅब देतात का विचारलंस? नाही देत असतील तर तुला फ्लॅट बदलावा लागणार, नवं डिपॉझिट आलं, म्हणजे त्या पंधरा हजारांतले अजून काही गेले.

मग सहा-आठ महिन्यांत करायचं काय. इथे मी तुला यादी देणार नाही, तुझ्याच कामातलं एक उदाहरण देते. रात्री तीन वाजता अलर्ट येतो, अमुक सर्व्हरवर डिस्क 95 टक्के भरली. रनबुक काय म्हणतं? जुन्या लॉग फाईल्स उडवा. तू उडवतोस, टिकीट बंद करतोस, चहा प्यायला जातोस. पुढच्या रविवारी तोच सर्व्हर, तोच अलर्ट. बरोबर ना? कधीतरी असंही झालं असेल की फाईल उडवली तरी जागा रिकामी झालीच नाही, डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड अजून भरलेलीच दाखवते आणि फाईल्सची बेरीज करणारी डीयू मात्र म्हणते एवढं काही नाहीये इथे. तू एल-टूला असाइन केलंस आणि सुटलास. आता त्या टिकीटमध्ये एल-टूने पुढे काय केलं ते कधी उघडून वाचलंस का? त्याने बहुतेक हे बघितलं असणार की फाईल उडवली तरी एखादी प्रोसेस ती धरून बसलीये, प्रोसेस सोडेपर्यंत लिनक्स ती जागा परत देत नाही, मग एलएसओएफ (कुठली फाईल कोणी उघडून ठेवलीये ते सांगणारी कमांड) लावून ती प्रोसेस शोधली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. हा प्रश्न लिनक्सच्या इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, लोक क्लासमध्ये पाठ करतात, आणि तुझ्याकडे तो दर रविवारी फुकट चालून येतोय.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हे मुळात दर आठवड्याला का होतंय. लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप काढणारं टूल) लावलंय का, लावलं असेल तर त्या ॲप्लिकेशनचा फोल्डर त्यात आहे का, डीबग लॉगिंग कोणी चालू ठेवून विसरलंय का. हे शोध, दोन ओळींत लिही, चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे बदलाच्या रीतसर विनंतीचा, ड्राफ्ट करून एल-टूला दे, प्रॉडक्शनवर स्वतः हात लावू नकोस, ॲक्सेस असला तरी. मागच्या सहा महिन्यांतली टिकीटं एक्सेलमध्ये काढ आणि बघ सगळ्यात जास्त वेळा परत परत येणारी कुठली आहेत, अशी चार-पाच जरी मुळापासून बंद करवलीस तरी रेझ्युमेवर "मॉनिटरिंग केलं" याच्या जागी "दर आठवड्याला येणारे अमुक इन्सिडंट कायमचे बंद केले" असं लिहिता येतं, आणि त्यावर समोरच्याने अर्धा तास खोदून विचारलं तरी तू बोलू शकतोस कारण केलंयस. क्लायंटचं नाव, सर्व्हरची नावं, स्क्रीनशॉट यातलं काही बाहेर न्यायचं नाही, हे सांगायला नको.

अभ्यास म्हणशील तर लिनक्स आणि शेल स्क्रिप्टिंग आधी, मग एसक्यूएल, मग पायथन जमेल तेवढं, आणि शेवटी एकच कुठलं तरी क्लाउड. मुलं उलट करतात, आठवड्याभराचं फंडामेंटल्सचं सर्टिफिकेट घेतात आणि लिंक्डइनवर टाकतात, त्याला कोणी विचारत नाही. सर्टिफिकेशन करायचंच तर रेड हॅटचं आरएचसीएसए बघ, त्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात, समोर मशीन देतात आणि करून दाखवायचं असतं, म्हणून त्याला किंमत आहे. नाईटच्या दोन आठवड्यांत अभ्यास होणार नाही हे धरूनच चाल, झोप पूर्ण कर. उरलेल्या दोन आठवड्यांत रोज दीड तास काढ.

90 दिवसांच्या नोटीसची काळजी तुला वाटतेय ती बरोबर आहे, बरेच जण त्यामुळेच रेझ्युमे बाजूला ठेवतात. पण मोठ्या प्रॉडक्ट कंपन्या आणि बँकांची टेक सेंटरं 90 दिवस थांबतात, त्यांना सवय आहे. 30 दिवसांत या म्हणणाऱ्यांकडे बहुतेक सीट रिकामी पडलेली असते आणि क्लायंट ओरडत असतो. बॉन्ड संपल्यावर, हातात तीन-चार सांगण्यासारखी कामं आल्यावर एल-टू किंवा त्याच्या वरच्या रोलसाठी अर्ज करायला लाग. तेव्हा साडेपाच-सहाची ऑफर आली, थोडी कमी आली तरी, काम वेगळं असेल तर घे आणि नीघ. मॅनेजरने त्या वेळी अचानक एल-टू आणि पगारवाढ पुढे केली तर? मी तरी थांबणार नाही, पण तो तुझा निर्णय.

---

प्रश्न : माझी मुलगी एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, एक वर्ष झालं. तिला नोकरी सोडून सीडॅकचा कोर्स करायचाय. आम्हाला वाटतं चालू पगार सोडून परत शिकायला कशाला जायचं. — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, सीडॅकचा कोर्स नावाजलेला आहे आणि पाषाणचं सेंटर तुम्हाला घरून जवळ, त्यामुळे हॉस्टेलचा खर्च नाही. पण तो सहा महिन्यांचा पूर्णवेळ असतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नोकरी सांभाळून होत नाही. लाखाच्या आसपास फी आणि सहा महिन्यांचा पगार बुडणार असा हिशोब धरा. आधी सीकॅट ही प्रवेश परीक्षा असते, ती नोकरीत राहूनच देता येते, तेव्हा राजीनाम्याचं रँक आल्यावर बघा. पुण्याचं सेंटर आणि हवा तो कोर्स मिळाला तर जाऊ दे तिला, फक्त कुठला कोर्स ते तिला विचारा. सगळे डॅक या सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटच्या कोर्सच्या मागे असतात, तिला डेव्हलपमेंटला जायचं असेल तर तेच बरोबर. सिक्युरिटीची आवड असेल तर डिटिस हा कोर्स आहे. आणि ऑटोमेशन टेस्टिंगच करायचं असेल तर त्यासाठी नोकरी सोडायची गरजच नाही, सेलेनियम हे टूल आणि जावा ती घरी बसून शिकेल. तिला टेस्टिंगचा कंटाळा आलाय की त्या ऑफिसचा, हे मात्र आईने विचारलं तर ती खरं सांगेल.

---

प्रश्न : मी बीसीएस करून एक वर्ष सपोर्टला आहे. एक कन्सल्टन्सीवाला म्हणतो साठ हजार दे, तीन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर आणि सॅलरी स्लिप देतो, आठ लाखांचं पॅकेज मिळेल. बरेच जण करतात म्हणे. — एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : करतात, आणि मग जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी व्हेरिफिकेशनमध्ये सापडून एका मेलवर बाहेर पडतात. आता यूएएनच्या, म्हणजे तुझ्या कायमच्या पीएफ नंबरच्या, पासबुकात कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यापासून पीएफ भरला ते सगळं दिसतं, पगारातून टॅक्स कापला असेल तर तो कोणी कापला ते टॅक्सच्या 26एएस या नोंदीत दिसतं, कंपन्या दोन्ही मागतात. तुझं एक वर्षाचं खरं काम आहे तेही मग खोट्यात जमा होईल. आणि तो साठ हजार आधी मागतोय हे विसरू नकोस.

---

प्रश्न : पहिली कंपनी सोडून दुसरीकडे लागले. दोन वर्षांचा पीएफ काढून गाडी घ्यावी असं वाटतंय. काढू का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : नको गं. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर तो करपात्र होतो, आणि 50 हजार किंवा जास्त असेल तर पॅन देऊनही 10 टक्के टीडीएस आधीच कापतात. ट्रान्सफर केलास तर जुनी दोन वर्षं त्या पाचात धरली जातात, पेन्शनला लागणाऱ्या 10 वर्षांतही धरली जातात, आणि 2024-25 ला व्याज 8.25 टक्के होतं, एवढं तुला एफडीत कुठे मिळतंय? यूएएन तोच ठेव, नवीन कंपनीला तोच दे, दुसरा बनवू देऊ नकोस. ग्रॅच्युइटी मात्र दोन वर्षांत मिळत नाही, पर्मनंट नोकरीला पाच वर्षं लागतात, सीटीसीत, म्हणजे वर्षाच्या पॅकेजमध्ये, दाखवलेली होती म्हणून ती मागायला जाऊ नकोस. ट्रान्सफर टाकायच्या आधी पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट भरलीये का बघ, बऱ्याचदा त्यावरच अडतं. भरली नसेल तर एचआरच्या मागे लाग, आणि तरीही नाही भरली तर शेवटचा पीएफ जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुझ्या लॉगिनमधून आधारच्या ओटीपीवर तुलाच ती टाकता येते.